प्रणोतीताईने दाखवलेलं शहर

"हे काय आहे, ओळख."

प्रणोतीताईने दुकानाच्या आडव्या काठीवरून एक दोरी काढून माझ्या नाकासमोर धरली. तिला तपकिरी, गाठीगाठीचं, वरून पीठ भुरभुरल्यासारखं काहीतरी लटकलेलं होतं.

"मेणबत्ती," मी म्हणाले.

"येडी. खायचंय ते."

"मग मला नको. मांस वाटायलंय."

ती हसत सुटली. दुकानातली जाडजूड बाईही हसली. तिला मराठी कळायचं काही कारण नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला अंदाज आला असावा. तिने एक तुकडा कापून माझ्या हातावर ठेवला. आत अक्रोड होते. अक्रोड दोऱ्यात ओवायचे, द्राक्षाच्या आटवलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवायचे आणि वाळत घालायचे. त्याला चुर्चखेला म्हणतात. नाव घेताना जीभ अडखळायची, खाताना अजिबात नाही.

हे तिबिलिसीतलं. जॉर्जियात मी एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला होते आणि तोवर मला फक्त कॉलेज, हॉस्टेल आणि आंध्रच्या एका काकांची मेस एवढंच शहर माहीत होतं. सकाळी लेक्चर, दुपारी वॉर्ड, संध्याकाळी पातळ सांबार आणि भात. शहरातून एक नदी वाहते हेही मला बसच्या खिडकीतूनच ठाऊक होतं. घरून निघताना आईने दिलेल्या सूचना मी इतक्या मनावर घेतल्या होत्या की अंधार पडला की खोलीला आतून कडी लावून बसायचे.

प्रणोतीताई माझ्या एक वर्ष पुढे होती. मूळची देगलूरची, पण अकरावी-बारावीला उदगीरला, माझ्या बाबांच्या फिजिक्सच्या क्लासला होती. आमच्या भागातली निम्मी पोरं बाबांच्याच हाताखालून गेलेली, त्यामुळे त्यात विशेष काही नव्हतं. जिन्यात दिसली की मान हलवायची, पुढे जायची. आणि त्या वर्षी सप्टेंबरात एका संध्याकाळी तिने माझं दार वाजवलं. "किती दिवस भिंतीकडं बघत बसणारैस? चल, तुला शहर दाखवते," म्हणाली.

मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

स्टेशनजवळच्या त्या बाजाराला पळपुट्यांचा बाजार म्हणतात. कधीकाळी सैन्यातून पळून आलेले शिपाई तिथे आपली हत्यारं विकायचे म्हणे. आता तिथे चीज, लोणची आणि मसाल्यांचे ढीग असतात. एका म्हातारीच्या टोपलीत मला वाळलेला झेंडू दिसला. मी ताईला म्हणाले, इथेही दसऱ्याला तोरण करतात की काय. ती म्हणाली, भाजीत घालतात. मी त्या म्हातारीला खुणेने विचारलं, हे खायचं? तिने बोटं ओठांना लावून असा काही आवाज काढला की जगात झेंडूइतकं चवदार काही नाही. पुढे ती मला लांबूनच हाका मारायला लागली. मला तिचं नाव कधीच नीट म्हणता आलं नाही आणि तिला माझं. अश्लेषा हे नाव तसं घरच्यांनाही जडच जातं.

शनिवारी आम्ही नदीवरच्या पुलाजवळच्या जुन्या बाजारात जायचो. फुटपाथवर चादरी अंथरून लोक घरातलं मोडकंतोडकं विकायला बसलेले असायचे. बिल्ले, कॅमेरे, चहाचे पेले, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो. एकदा मला तिथे भूल द्यायचा जुना लोखंडी मुखवटा मिळाला. मी तो हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. ताईने विचारलं, "काय बघायलीस एवढं?"

त्या दिवशी मी तिला सांगितलं. मला भूलतज्ज्ञ व्हायचं होतं, आणि ते जर्मनीत जाऊन. वर्षभर मी गुपचूप जर्मन शिकत होते. बाबांच्या डोक्यात वेगळंच होतं. मी परत यायचं, उदगीरला दवाखाना टाकायचा, शक्यतो डॉक्टर नवऱ्याबरोबर. जागाही बघून ठेवलेली होती.

"सरांना माहीतै का?" ताईने विचारलं.

"नाही. जानेवारीत घरी गेले की सांगणारै. माझ्या तोंडून कळायला पाहिजे त्यांना. दुसऱ्याकडून कळलं तर त्यांना फार लागेल."

"आणि नाही म्हणाले तर?"

"नाही म्हणणार नाहीत. बाबा तसले नाहीत."

मी हे अगदी मनापासून म्हणाले होते. मला परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा भाऊबंदांनी घरी येऊन बाबांना वेड्यात काढलं होतं. पोरगी तिकडे काय करते कोण बघणार, असं काकांनी माझ्यासमोर विचारलं. बाबा म्हणाले, "बघायची गरज नाही. माझा विश्वास आहे तिच्यावर." त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं काढली. कडी लावून बसायचे ती काही आईच्या भीतीने नव्हे, बाबांचा शब्द खाली पडू नये म्हणून.

ताई ऐकायची फार छान. मध्ये बोलायची नाही, फोनकडे बघायची नाही. मी काही सांगितलं की दुसऱ्या भेटीत त्याच्याच पुढचं विचारायची. जर्मनचं कुठवर आलं, अर्ज कधी करायचा, तिकडे ओळखीचं कुणी आहे का, आवडणारं कुणी आहे का. माझं तोवर इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नव्हतं. घरी बाबा बोलायचे आणि आम्ही ऐकायचो.

बाबांनाही मी फोनवर बाजाराच्या गमती सांगायचे. झेंडूची भाजी ऐकून ते खूप हसले. "फिर, बघ जग. पुस्तकाबाहेर पण असतं काहीतरी," म्हणाले. मला केवढं बरं वाटलं होतं.

ऑक्टोबरात ताई मला जुन्या गावातल्या एका तळघरात घेऊन गेली. सात-आठ पायऱ्या उतरून खाली गेलं की विटांची कमान, लाकडी टेबलं, आणि कोपऱ्यात चार माणसं उभी राहून गायची. वाद्य नाही, काही नाही. एक जण सूर धरायचा, बाकीचे तिघे आपापल्या वाटेने जायचे आणि भलत्याच ठिकाणी एकत्र यायचे. माझ्या अंगावर काटा आला. ताईने मातीच्या सुरईतून दोन पेले भरले आणि एक माझ्यापुढे सरकवला.

"मी घेत नाही, ताई."

"माहीतै. राहू दे समोर. नुसती चव घ्यायची तर घे, कोण बघायलंय इथं?"

पेला तसाच राहिला. एक गाणं संपलं, दुसरं झालं. शेजारच्या टेबलावर एक मोठं कुटुंब बसलेलं होतं. त्यांच्यातला म्हातारा थोड्या थोड्या वेळाने उठायचा, पेला हातात घेऊन लांबलचक काहीतरी बोलायचा आणि मग सगळे प्यायचे. तिकडे अशीच रीत आहे. आधी देवाच्या नावाने, मग देशाच्या, मग गेलेल्यांच्या. एकदा तो बोलता बोलता आमच्याकडे वळला आणि माझ्यापुढच्या भरल्या पेल्याकडे बोट दाखवलं. सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं.

"काय म्हणायलेत?" मी विचारलं.

"आईवडलांच्या नावानं प्या म्हणायलेत. बाकी कशालाही नाही म्हणलं तर चालतं, याला नाही."

म्हातारा थांबून राहिला होता. मी पेला उचलला आणि बाबांचा चेहरा डोळ्यासमोर आणून एक मोठा घोट घेतला. जांभळासारखी तुरट चव होती. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली. ताई माझ्याकडे बघत होती आणि हसत नव्हती. मी तिला म्हणाले, बाबांना हे सांगून टाकेन मी कधीतरी, त्यांना गंमतच वाटेल. ती म्हणाली, "नको सांगू."

त्या थंडीत मी खूश होते. इतकी की परीक्षेतही कमी पडले नाही. रस्ते ओळखीचे झाले, भाजीवाल्या बायका ओळखीच्या झाल्या, डाळिंबाचा रस काढणारा माणूस न मागता पेला भरायला लागला. जानेवारीत घरी जाताना बॅगेत मी बाबांसाठी चुर्चखेला आणि आईसाठी वाळलेला झेंडू घेतला.

घरी पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. आईने मला आदल्या रात्री सांगितलं. अहमदपूरचं स्थळ, मुलगा हाडांचा डॉक्टर, बघायला काय जातंय. मी म्हणाले, मला विचारलं का नाही. आई म्हणाली, तुझ्या बाबांनीच बोलावलंय, त्यांना बोल. बाबा म्हणाले, "येऊ दे गं. चहा पिऊन जातील." जर्मनीचं मी अजून काढलं नव्हतं. पाहुणे जाऊ देत, मग निवांत बोलू, असं मी ठरवलं.

आईने चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मुलगा, त्याची आई आणि एक काका. मी ताटल्या ठेवल्या, खुर्चीवर बसले आणि प्रश्नांची वाट बघायला लागले. माझ्या मोठ्या चुलतबहिणींच्या वेळी मी पडद्याआड बसून हे सगळं ऐकलेलं होतं. स्वयंपाक येतो का, हे कुणाच्या हातचं आहे, तिकडे राहून सवयी काय लागल्या. मी उत्तरं तयार ठेवली होती, त्यातली दोन-तीन तर चांगली तिखट होती. पण कुणी काही विचारीना. ते सुशीला खात होते आणि माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

शेवटी आईलाच राहवलं नाही. "काही विचारा की तिला."

"काय विचारायचं?" मुलाची आई म्हणाली. "आम्हाला सगळं कळलंय, आणि चांगल्या माणसाकडून कळलंय. बाजारातल्या म्हाताऱ्या बायांशी गप्पा मारती, डाळिंबाचा रस पिती. गाणं ऐकायला गेली, तिथं दारूचा पेला समोर ठेवला तरी हात लावला न्हाई. मोकळं सोडल्यावर सुद्धा अशी राहणारी पोरगी आजकाल कुठं मिळती?"

माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली. त्या तळघरात माझ्याबरोबर एकच माणूस होतं.

आई खूश झाली. बाबा चहाच्या कपाकडे बघत होते. मुलाने एकदाच माझ्याकडे बघून ओशाळं हसून घेतलं, तो बिचारा बरा होता. मी उठून आत गेले आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आले नाही.

नंतर बाबा आत आले तेव्हा मी रडत होते. रागाने रडत होते, त्यामुळे वाक्यं धड होत नव्हती.

"त्या लोकांनी माझ्यामागं माणूस लावला होता, बाबा. ती प्रणोती. चार महिने माझ्याबरोबर फिरली. मला वाटलं मैत्रीण आहे. ती ह्यांची हेर होती."

बाबांनी दार लोटून घेतलं. मग पलंगाच्या काठावर बसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"असतात अशी माणसं," ते म्हणाले. "रडू नको. असल्या घरात मी तुला देणार नाही."

"खरंच?"

"आत्ता फोन करतो."

आणि त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. "माझ्या मुलीवर पाळत ठेवता? शोभतं का तुम्हाला?" एवढं ते मोठ्याने म्हणाले. पलीकडून कुणीतरी जोरात काहीतरी बोललं. बाबा म्हणाले, "तो विषय आता नको," आणि बोलत बोलत गच्चीवर निघून गेले. मला वाटलं, पुढचे कडक शब्द माझ्या कानावर पडू नयेत म्हणून गेले. बाबांबद्दल मला त्या क्षणी जे वाटलं ते मी आजवर दुसऱ्या कुणाबद्दल वाटून घेतलेलं नाही.

खाली आल्यावर ते शांत होते. "झालं. संपलं ते. पण अश्लेषा, तूही एक कर. जर्मनीचं ते खूळ डोक्यातून काढ."

मला धक्का बसला, पण तोही मी त्या पाहुण्यांच्याच खात्यावर टाकला. त्यांनीच सांगितलं असणार, बाईने सगळं कळलंय म्हटलंच होतं. मी म्हणाले, "बाबा, मला स्वतः सांगायचं होतं तुम्हाला." ते म्हणाले, "असू दे. बोलू पुढं." रागावले नाहीत म्हणून मी पुन्हा रडले.

फेब्रुवारीत परत गेले. प्रणोतीताईला टाळायचं ठरवलं होतं. ती जिन्यात समोर आली की मी भिंतीकडे बघायचे. दोनदा तिने दार वाजवलं, मी उघडलं नाही. मग एका दुपारी मी झेंडूवाल्या म्हातारीकडे उभी असताना ती मागून आली.

"माझं काय चुकलंय ते तरी सांग."

"अहमदपूरच्या लोकांना विचार. तुझे कोण लागतात ते? मावशी का आत्या?"

"कोण अहमदपूरचे?"

"नाटक नको करू, ताई. त्या बाईने सगळं म्हणून दाखवलं माझ्यासमोर. तळघर, पेला, डाळिंबाचा रस."

तिचा चेहरा उतरत गेला. म्हातारी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती, तिने हातातली पुडी बांधायची थांबवली.

"मी अहमदपूरच्या कुणालाच ओळखत नाही," ताई म्हणाली.

"मग तुला कुणी सांगितलं होतं माझ्याबरोबर फिरायला?"

ती झेंडूच्या टोपलीकडे बघायला लागली.

"कुणी सांगितलं, ताई?"

"सरांनी."

मला आधी कळलंच नाही कोणते सर. कॉलेजातले सगळे डोळ्यासमोर आले.

"ऑगस्टमध्ये फोन आला होता त्यांचा," ती म्हणाली. "म्हणाले, पोरगी चौथ्या वर्षाला गेली, आता स्थळं बघायची. उद्या कुणी तिच्या वागण्याबद्दल विचारलं तर मला छातीठोक सांगता आलं पाहिजे. खोलीत बसलेलं माणूस कळत नाही. तिला बाजारात ने, गाण्याबिण्याच्या ठिकाणी ने, समोर पेला ठेव. मोकळी सोडल्यावर कशी वागती ते मला कळव. दर रविवारी फोन करायचे. लोकांना ते काय सांगतात ते मला माहीत नव्हतं गं."

"जर्मनीचं?"

"पुढं काय करणार म्हणती, हे दर वेळी विचारायचे."

"आणि तू नाही म्हणाली नाहीस?"

"सरांना?"

तिने ते इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मला तिच्यावर ओरडता येईना. तिने सांगितलं, तिच्या वडलांना तिला डॉक्टर करायचंच नव्हतं, बारावीनंतर लग्न ठरवलेलं होतं. बाबांनी देगलूरला जाऊन, तिच्या घरच्या ओट्यावर दिवसभर बसून ते लग्न मोडायला लावलं होतं. ही गोष्ट बाबा क्लासमध्ये दर वर्षी सांगायचे, फक्त मुलीचं नाव घ्यायचे नाहीत. ती मुलगी माझ्यासमोर उभी होती.

"ते म्हणाले होते, तिला कळू देऊ नको, तिला वाईट वाटेल," ताई म्हणाली. "तू घोट घेतलास ते मी सांगितलं नाही. तेवढं एकच नाही सांगितलं. त्यांच्याच नावानं घेतला होतास, ते कसं सांगू?"

मग तिला रडू आलं. "पहिल्या पंधरा दिवसांनंतर मी त्यांच्यासाठी येत नव्हते गं. मला खरंच आवडायला लागलं होतं तुझ्याबरोबर."

असेलही खरं. तेव्हा ते मला ऐकूही येत नव्हतं. मी गच्चीवर गेलेल्या बाबांचा विचार करत होते. पलीकडचा माणूस फोनवर जोरात काय बोलला असेल ते मला आता शब्दन् शब्द ऐकू येत होतं. पाळत आम्ही ठेवली का तुम्ही? तुम्हीच तर सांगितलंत सगळं. आणि बाबा म्हणाले होते, तो विषय आता नको. स्वतः केलेल्या गोष्टीसाठी त्यांनी माझ्यादेखत दुसऱ्याला झापलं होतं, मग माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि मी त्या हाताखाली रडले होते. त्यांनी नुसती चौकशी केली असती तरी मी एखादे दिवशी विसरले असते. आमच्याकडे चौकशा होतातच. तो हात मला विसरता आला नाही.

म्हातारीने पुडी माझ्या हातात कोंबली आणि पैसे घ्यायला नकार दिला. आम्ही दोघी बाजारातून वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो.

बाबांशी मी भांडले नाही. भांडले असते तर त्यांनी मला समजावलं असतं, आणि ते फार छान समजावतात. अर्ध्या तासात मलाच त्यांची माफी मागावी लागली असती. म्हणून मी त्यांना काही विचारलंही नाही आणि पुढे काही सांगितलंही नाही. फोन आला की अभ्यास चांगला चाललाय, जेवण झालं, थंडी आहे, एवढं बोलायचे. ते म्हणायचे, पूर्वीसारखी बाजाराच्या गमती सांगत नाहीस. मी म्हणायचे, वेळ मिळत नाही.

जर्मनचे पेपर मी दिले. अर्ज केला. जागा मिळाल्याचं आईला सांगितलं आणि बाबांना सांगणार नाही अशी तिच्याकडून शपथ घेतली. ती बिचारी विमान सुटेपर्यंत शपथेला जागली. आता त्याला खूप वर्षं झाली. मी भूलतज्ज्ञ आहे, एका लहानशा गावात राहते, दिवसाकाठी पाच-सहा माणसांना शांत झोपवते आणि उठवते. ते सगळे माझ्यावर विश्वास टाकून डोळे मिटतात, त्याचं मला अजूनही नवल वाटतं.

मी जर्मनीत पोचल्याचं बाबांना क्लासमधल्या एका मुलाच्या आईकडून कळलं. ती पेढे मागायला आली होती. त्याच रात्री त्यांचा फोन आला. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"मला का सांगितलं नाहीस गं?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "तुम्हाला कळलंच असेल."